‘गडगडणाऱ्या धुरा’च्या भेटीला
व्हिक्टोरिया धबधबा : केव्हा जावे, काय पाहावे, काय सांभाळावे

झांबेझी ही आफ्रिकेतील चौथ्या क्रमांकाची लांब नदी. झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावून अंगोला, नामिबिया, बोत्स्वाना आणि झिंबाब्वे यांच्या सीमांना स्पर्श करीत ती मोझांबिकमध्ये हिंदी महासागराला मिळते. या प्रवासाच्या जवळपास मध्यावर तिचे पात्र चांगलेच रुंदावते. पाणी संथ होते, बेटाबेटांतून वाहते, पाणघोडे त्यात डुंबत पडलेले असतात. पुढे काय वाढून ठेवले आहे याची कोणतीही चाहूल न देता ही नदी अकस्मात जमिनीच्या एका अरुंद भेगेत कोसळते. १,७०८ मीटर रुंद आणि १०८ मीटरपर्यंत उंच असा हा पाण्याचा पडदा म्हणजे व्हिक्टोरिया धबधबा.

जगात याहून उंच धबधबे आहेत आणि याहून रुंदही आहेत. मात्र उंची व रुंदी यांचा एकत्र विचार केला, तर इतका विशाल, सलग कोसळणारा पडदा दुसरीकडे नाही. नायगाराच्या तुलनेत त्याची उंची जवळपास दुप्पट आहे. भर पाण्याच्या दिवसांत उसळणारे तुषार ४०० मीटरहून अधिक उंच जातात आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरूनही पांढऱ्या ढगासारखे दिसतात. स्थानिक कोलोलो लोकांनी त्याला ‘मोसी-ओआ-तुन्या’ म्हणजे ‘गडगडणारा धूर’ हे नाव दिले. टोंगा भाषेतील ‘शुंगू नामुतितिमा’ या नावाचा आशय ‘उकळणारे पाणी’ असा आहे. युनेस्कोने १९८९ मध्ये या स्थळाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा ‘मोसी-ओआ-तुन्या’ आणि ‘व्हिक्टोरिया’ ही दोन्ही नावे नोंदविण्यात आली.

धबधबा झांबिया व झिंबाब्वे या दोन देशांच्या सीमेवर आहे. त्यामुळे तेथे जाणाऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : कोणत्या महिन्यात जायचे आणि कोणत्या काठावर उतरायचे? सहलीचे यश बहुतांशी या दोन उत्तरांवर अवलंबून असते. हजारो रुपयांचे विमान तिकीट काढून गेलेल्या प्रवाशाला चुकीच्या महिन्यात चुकीच्या काठावर कोरडा काळा कडा पाहून परतावे लागल्याची उदाहरणे कमी नाहीत.

सुट्टी आणि पाणी यांचा मेळ

महाराष्ट्रातील कुटुंबे बहुधा उन्हाळ्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत परदेशी जातात. व्हिक्टोरियाच्या बाबतीत या दोन सुट्ट्या म्हणजे जणू दोन वेगवेगळे धबधबे होत.

या भागातील पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात पडतो. धबधब्याला पूर मात्र पावसाळा सरल्यावर, एप्रिलच्या सुमारास येतो. याचे कारण असे की बहुतेक पाणी उत्तरेकडील अंगोला व पश्चिम झांबियातील पाणलोट क्षेत्रातून येते आणि वाटेत बारोत्से येथील विस्तीर्ण पूरमैदानात पसरते. तेथून ते खाली उतरण्यास कित्येक आठवडे लागतात. परिणामी एप्रिल-मे महिन्यांत धबधबा पूर्ण भरात असतो. त्या वेळी समोर उभे राहणाऱ्यास अनेकदा धबधबा दिसतच नाही. दिसतो तो केवळ धूर आणि ऐकू येते ती गर्जना. तुषार खालून वर उसळतात, पुन्हा पावसासारखे कोसळतात आणि रेनकोट घालूनही माणूस चिंब होतो. हा अनुभव विलक्षण असला, तरी छायाचित्रे काढण्याच्या दृष्टीने तो निराशाजनक ठरू शकतो.

जून ते ऑगस्ट हा काळ सर्वांत समतोल मानला जातो. पाणी पुरेसे असते, तुषार विरळ होतात आणि समोरचा कडा स्पष्ट दिसू लागतो. हवा कोरडी व दिवस प्रसन्न असतात. रात्री मात्र चांगलीच थंडी पडते. स्वेटर घेतल्यावाचून जाऊ नये.

ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी, हा नीचांकी पाण्याचा व कडक उन्हाचा काळ. या दिवसांत झांबियाच्या बाजूचा मोठा भाग कोरडा पडतो. झिंबाब्वेच्या बाजूचा मुख्य प्रवाह मात्र वाहता राहतो. म्हणून दिवाळीत जाणाऱ्याने झिंबाब्वेचा काठ टाळू नये. याच काळात राफ्टिंग आणि कड्याच्या टोकावरील ‘डेव्हिल्स पूल’ या दोन गोष्टी शक्य होतात. त्यामुळे साहसाची आवड असणाऱ्यांना हा हंगाम अधिक मानवतो.

दोन काठ, दोन दर्शने

झिंबाब्वेच्या बाजूने धबधब्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग समोरून दिसतो. व्हिक्टोरिया फॉल्स शहरापासून प्रवेशद्वार पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आत कड्याच्या समोरासमोर दगडी पायवाट असून तिच्यावर एकापाठोपाठ एक दर्शनबिंदू आहेत. सुरुवातीला लिव्हिंगस्टनचा पुतळा व ‘डेव्हिल्स कॅटरॅक्ट’ हा खोल घळीतून वेगाने उतरणारा प्रवाह लागतो. त्यानंतर ‘मेन फॉल्स’, ‘हॉर्सशू फॉल्स’ आणि सर्वांत उंच ‘रेनबो फॉल्स’ असा क्रम आहे. शेवटचे ‘डेंजर पॉइंट’ हे टोक ओलसर, निसरडे आणि बऱ्याच ठिकाणी कठड्याविना आहे. लहान मुलांचा हात येथे सोडू नये. सततच्या तुषारांमुळे या पट्ट्यात एक छोटे वर्षावन तयार झाले आहे. भोवतालच्या कोरड्या, तपकिरी रानात वेली, नेचे आणि उंच वृक्षांची ही हिरवी चिंचोळी पट्टी उठून दिसते. सावकाश फिरण्यास दोन ते तीन तास हाताशी ठेवावेत.

झांबियाच्या बाजूने दिसणारा भाग कमी असला, तरी पाण्याशी जवळीक अधिक साधते. ‘नाइफ एज’ हा अरुंद पादचारी पूल ओलांडताना भर पाण्याच्या दिवसांत माणूस अक्षरशः तुषारांच्या ढगातून चालतो. ‘बॉइलिंग पॉट’कडे उतरणारी पायवाट दाट झाडीतून दरीच्या तळाशी जाते. साऱ्या धबधब्याचे पाणी जेथे एकवटून भोवऱ्यासारखे घुसळते, ते हे ठिकाण. उतरणे सोपे, चढणे दमछाक करणारे. पाणी फार असते तेव्हा ही वाट बंद ठेवली जाते. झांबियाचे प्रवेशशुल्क झिंबाब्वेपेक्षा कमी आहे. लिव्हिंगस्टन शहर धबधब्यापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे.

शक्य असल्यास दोन्ही काठांसाठी एकेक दिवस राखून ठेवावा. पौर्णिमेच्या आसपास मुक्काम असेल, तर रात्रीच्या खास प्रवेशाची चौकशी अवश्य करावी. चांदण्यात तुषारांवर उमटणारे चांद्र इंद्रधनुष्य जगात मोजक्याच ठिकाणी पाहावयास मिळते. त्यासाठी पाणीही पुरेसे हवे, म्हणून एप्रिल ते जुलैमधील पौर्णिमा उत्तम.

ही भेग आली कोठून?

सह्याद्रीच्या काळ्या कड्यांशी परिचय असलेल्या मराठी प्रवाशाला येथील खडक ओळखीचा वाटेल. तोही ज्वालामुखीच्या लाव्हारसातून घडलेला बेसॉल्टच आहे. वय मात्र खूप अधिक, सुमारे १८ कोटी वर्षांचे. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लाव्हारस थंड होताना पडलेल्या मोठ्या भेगांत पुढे मऊ गाळखडक भरला गेला. नदीने हा मऊ भाग कोरून काढला आणि धबधबा एका भेगेतून मागच्या भेगेकडे सरकत गेला. आज खालच्या बाजूला नागमोडी वळणांच्या ज्या दऱ्या दिसतात, त्यांतील प्रत्येक दरी ही कधीकाळची धबधब्याची जागा होती. ‘डेव्हिल्स कॅटरॅक्ट’ येथे नदी आजही अधिक खोल कापत आहे. पुढील काही हजार वर्षांतला नवा कडा तेथूनच आकार घेईल, असे मानले जाते.

पुलावरचा इतिहास

दोन्ही देशांना जोडणारा पोलादी पूल धबधब्याइतकाच प्रसिद्ध आहे. केपटाउन ते कैरो रेल्वे हे ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स याचे स्वप्न होते. धावत्या गाडीच्या डब्यांवर धबधब्याचे तुषार पडावेत, अशी त्याची इच्छा असल्याने पूल मुद्दाम धबधब्याजवळ बांधण्यात आला. ऱ्होड्स १९०२ मध्येच मरण पावला. त्याने हा धबधबा कधीही पाहिला नाही. पुलाचे भाग इंग्लंडमधील डार्लिंग्टन येथे तयार झाले आणि जहाजाने व रेल्वेने येथवर आणले गेले. १२ सप्टेंबर १९०५ रोजी चार्ल्स डार्विन यांचे पुत्र प्रा. जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. लांबी १९८ मीटर, पाण्यापासूनची उंची १२८ मीटर.

ऑगस्ट १९७५ मध्ये याच पुलावर उभ्या केलेल्या रेल्वेच्या डब्यात तत्कालीन ऱ्होडेशियाचे गोरे पंतप्रधान इयान स्मिथ आणि कृष्णवर्णीय राष्ट्रवादी नेते यांच्यात वाटाघाटी झाल्या. झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जॉन फोर्स्टर यांनी त्या घडवून आणल्या होत्या. त्या फसल्या. झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यासाठी १९८० साल उजाडावे लागले. पूल पाहण्यासाठी सीमाचौकीवर पासपोर्ट दाखवून तात्पुरती परवानगी मिळते. दुसऱ्या देशात प्रवेश करायचा नसेल, तर त्यासाठी वेगळ्या व्हिसाची गरज नसते.

लिव्हिंगस्टन, मुंबई आणि नाशिक

स्कॉटिश मिशनरी व प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन १८५५ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोलो नावाड्यांच्या होडीतून कड्याच्या टोकावरील बेटावर पोहोचला. त्याने धबधब्याला आपल्या राणीचे नाव दिले आणि बेटावरील झाडावर स्वतःची आद्याक्षरे कोरली. त्याने धबधबा ‘शोधला’ असे म्हणण्याची जुनी प्रथा आता मागे पडत आहे. कारण त्याला तेथे नेणाऱ्यांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

या कथेला महाराष्ट्राचा एक धागा जोडलेला आहे. १८६४ मध्ये लिव्हिंगस्टनने ‘लेडी न्यासा’ ही आपली छोटी आगबोट झांझिबारहून हिंदी महासागर ओलांडून स्वतः मुंबईला आणली. सोबत आलेल्या चुमा या आफ्रिकी मुलाला त्याने मुंबईतील मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवले. १८६६ च्या आरंभी मुंबईहूनच तो अखेरच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा चुमा त्याच्यासमवेत होता. नाशिकजवळ शरणपूर येथे गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांसाठी मिशनऱ्यांनी आश्रम चालविला होता. तेथे शिकलेले काही तरुणही या मोहिमेत सामील झाले. नाशिकमध्येच शिकलेला जेकब वेनराइट पुढे १८७२ मध्ये त्यांना येऊन मिळाला.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातील चितांबो यांच्या गावी लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला. त्याचे हृदय तेथेच पुरण्यात आले. त्या वेळी प्रार्थना वाचली ती वेनराइटने. त्यानंतर चुमा, सुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पार्थिव सुमारे दीड हजार किलोमीटर पायी वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा वेनराइट शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. लिव्हिंगस्टन शहरातील संग्रहालय १९३४ मध्ये स्थापन झाले. झांबियातील सर्वांत जुन्या व मोठ्या अशा या संग्रहालयात त्याची पत्रे व वापरातील वस्तू आहेत. नाशिकच्या वाचकाने तरी तेथे तासभर द्यावा.

साहस : कोणासाठी, किती

डेव्हिल्स पूल : लिव्हिंगस्टन बेटालगत, अगदी कड्याच्या ओठावर तयार होणारा हा नैसर्गिक डोह. खडकाची एक कड पोहणाऱ्याला खाली जाण्यापासून अडविते. पाणी ओसरल्यावर, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, केवळ मार्गदर्शकांसह आणि झांबियाच्या बाजूने तेथे जाता येते. डोहापर्यंत थोडे पोहावे लागते. ज्याला आत्मविश्वासाने पोहता येत नाही, त्याने केवळ छायाचित्रासाठी हा धोका पत्करू नये.

राफ्टिंग : धबधब्याखालील बातोका दरीतील प्रवाह जगातील अत्यंत अवघड व्यावसायिक राफ्टिंगमध्ये गणला जातो. पाणी कमी असताना, म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबर, तो सर्वाधिक रोमांचक असतो. भर पुरात राफ्टिंग बंद ठेवतात. बोट उलटणे ही येथे नित्याची बाब आहे. दरीत उतरण्याचे व पुन्हा वर येण्याचे श्रमही लक्षात घ्यावेत. हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गर्भावस्था असल्यास या वाटेला जाऊ नये.

बंजी : पुलावरून १११ मीटरची उडी. ३१ डिसेंबर २०११ रोजी एका ऑस्ट्रेलियन तरुणीची दोरी तुटून ती नदीत पडली. पाय बांधलेले असतानाही ती पोहून बचावली. ही घटना जगभर गाजली. उड्या आजही सुरू आहेत. निर्णय ज्याने त्याने घ्यावा. मात्र प्रवास विम्यात साहसी खेळांचा समावेश आहे ना, हे निघण्यापूर्वी तपासावे. अनेक विमा योजनांत तो नसतो.

आकाशातून दर्शन : हेलिकॉप्टरची फेरी साधारण पंधरा मिनिटांची असते. नागमोडी दऱ्यांची रचना केवळ वरूनच उमगते. त्यामुळे ज्येष्ठ नागरिकांसाठी व गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी हा खर्च सत्कारणी लागतो. झांबियाच्या बाजूने उघड्या मायक्रोलाइट विमानातूनही फेरी घेता येते.

धबधब्यापलीकडे

सायंकाळची झांबेझीवरील नौकासफर चुकवू नये. पाणघोडे, मगरी, काठावर पाणी पिण्यास आलेले हत्ती आणि मत्स्यगरुड यांचे दर्शन होते. सूर्य नदीत बुडतो तेव्हा दूरवर धबधब्याचे तुषार तांबूस दिसू लागतात. झांबियाच्या मोसी-ओआ-तुन्या राष्ट्रीय उद्यानात रक्षकांसमवेत पायी जाऊन पांढरे गेंडे पाहता येतात. बोत्स्वानातील चोबे राष्ट्रीय उद्यान हत्तींसाठी प्रसिद्ध असून, ते एका दिवसात पाहून परतता येते. हाती दोन-तीन दिवस अधिक असतील, तर झिंबाब्वेचे ह्वांगे उद्यान पाहावे.

लिव्हिंगस्टनजवळचे मुकुनी हे लेया लोकांचे गाव पर्यटकांचे स्वागत करते. बाजारात लाकडी कोरीवकामाबरोबरच मत्स्यमुखी, सर्पदेही ‘न्यामी न्यामी’ या नदीदेवतेची पदके मिळतात. खाली करिबा येथे १९५० च्या दशकात धरण बांधताना हजारो टोंगा लोक विस्थापित झाले. तेव्हा या देवतेच्या कोपाच्या कथा सर्वदूर पोहोचल्या. झिंबाब्वेच्या २००८ च्या महागाईतील शंभर ट्रिलियन डॉलरची नोटही आता आठवणवस्तू म्हणून विकली जाते. तिचे चलनमूल्य शून्य आहे, हे जाणूनच घ्यावी.

मक्याच्या पिठाचे घट्ट शिजविलेले अन्न हा येथील मुख्य आहार. झिंबाब्वेत त्याला ‘साद्झा’, तर झांबियात ‘न्शिमा’ म्हणतात. सोबत पालेभाजी मागितल्यास शाकाहाऱ्यांची सोय होते. १९०४ पासून सुरू असलेल्या व्हिक्टोरिया फॉल्स हॉटेलच्या गच्चीवर, पूल व तुषार पाहत घेतलेला दुपारचा चहा हा अनेकांच्या स्मरणात राहणारा प्रसंग ठरतो.

पाण्याचे भवितव्य

२०१९ च्या अखेरीस कोरड्या कड्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली आणि धबधबा आटल्याची आवई उठली. प्रत्यक्षात झांबियाच्या बाजूचा भाग दर कोरड्या हंगामात कमी-अधिक प्रमाणात उघडा पडतोच. तेथील जलविद्युत केंद्राकडे वळविलेल्या पाण्याचाही त्यात वाटा असतो. त्या वर्षीचा दुष्काळ मात्र खरोखरच गंभीर होता आणि प्रवाह १९९५ नंतरच्या नीचांकाला पोहोचला होता. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये पाणी परतले. परंतु २०२४ मध्ये पुन्हा तीव्र अवर्षण पडले आणि झांबियाने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. करिबातील पाणी घटल्याने दोन्ही देशांत दीर्घकाळ वीजकपात झाली.

बातोका दरीत २,४०० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प उभारण्याची योजना अनेक वर्षांपासून चर्चेत आहे. धरण अद्याप झालेले नाही. ते झाले, तर राफ्टिंगचे बरेच प्रवाह पाण्याखाली जातील आणि त्यावर पोट असणारे मार्गदर्शक व हमाल यांची उपजीविका बुडेल. दुसऱ्या पारड्यात अंधारात राहणारी लाखो घरे आहेत. काठावर उभ्या राहणाऱ्या पर्यटकाला हा पेच दिसत नाही. मात्र समोर कोसळणारे पाणी या दोन्ही गरजांमधून वाट काढीत आहे.

थोडक्यात

कसे जावे : मुंबईहून आदिस अबाबा, नैरोबी किंवा जोहान्सबर्ग येथे विमान बदलून व्हिक्टोरिया फॉल्स अथवा लिव्हिंगस्टन विमानतळ गाठता येतो.

व्हिसा : दोन्ही देशांसाठी मिळून ‘काझा युनिव्हिसा’ ही ३० दिवसांची सोय असून शुल्क ५० अमेरिकी डॉलर आहे. भारतीय पासपोर्टधारकांसाठीचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने दोन्ही देशांच्या नवी दिल्लीतील वकिलातींकडून निघण्यापूर्वी खात्री करावी.

आरोग्य : इथिओपिया व केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतात. त्या मार्गे जाणाऱ्यांनी लसीकरणाचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते. लस केवळ शासनमान्य केंद्रातच घ्यावी. हिवतापाचा धोका असल्याने प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक.

चलन : झिंबाब्वेत अमेरिकी डॉलर सर्रास चालतो. लहान रकमेच्या नोटा सोबत असाव्यात. झांबियात क्वाचा हे चलन आहे.

मुक्काम : किमान तीन रात्री.

सोबत : रेनकोट, घसरणार नाहीत अशी पादत्राणे, कॅमेरा व मोबाइलसाठी जलरोधक पिशवी, दुर्बीण.

सावधगिरी : माकडांसमोर खाद्यपदार्थ काढू नयेत, बबून हातातून हिसकावून नेतात. रात्री रस्त्यावर हत्ती येतात, म्हणून अंधार पडल्यावर पायी न जाता टॅक्सी करावी. नदीकाठी मगरींचा धोका असतो. पाणी कितीही शांत दिसले, तरी मार्गदर्शकाने सांगितल्याखेरीज त्यात पाय घालू नये.